लेल्याच्या गावचे खांब

खांबावर कागद दिसला की ती थांबायची. हरवलेल्या मांजराचा फोटो असो, कौन्सिलची नोटीस असो, चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या सेलची जाहिरात असो. पर्स बगलेत धरून ती वरपासून खालपर्यंत वाचायची. कोपरा सुटला असेल तर तळहातानं दाबून बसवायची. मागे बस येऊन उभी राहिलेली असायची.

"लेल्या, बस!" मी ओरडायचे.

"थांब गं पोरी. कोण गेलंय ते बघू दे."

"मांजर गेलंय!"

"मग? मांजराचं कुणी नसतं का?"

ती इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला आमच्या ऑफिसात साफसफाई करायची. मी तिथेच सॉफ्टवेअर टेस्टर होते, पुण्याहून वर्क व्हिसावर आलेली. तुमच्यापैकी जे बिझनेस पार्कमध्ये काम करतात, त्यांनी तिला पाहिलेलं आहे; म्हणजे पाहिलेलं नाहीच. साडेपाचला आपण कोट चढवत असतो तेव्हा लिफ्टमधून ट्रॉली ढकलत जी बाहेर येते, ती. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून 'मावशी' निघून गेलं. पुण्यात ऑफिस झाडणाऱ्या प्रत्येक बाईला आपण मावशी करून टाकतो आणि तिचा कप मात्र वेगळा ठेवतो. हे मला तेव्हाही कळत होतं, पण जीभ सवयीची. तिनं अर्थ विचारला. मी सांगितला.

"आमच्याकडे लेल्या म्हणतात," ती म्हणाली. तेव्हापासून लेल्या. आणि मावशीला अहो-जाहो कोण करतं?

लेल्याचं गाव बल्गेरियात, डोंगराच्या पायथ्याशी. नदीच्या पाण्यावर चाती फिरवून तिथे तुर्कांच्या राज्यापासून लोकरीचा गोफ विणायचे. त्या विणकरांनी आपापसांत वर्गणी काढून एक वाचनघर बांधलं, खाली पुस्तकं आणि वर नाटकाचं स्टेज. सुलतानाच्या राज्यात आपल्या भाषेतलं वाचायला मिळावं म्हणून. पुढे गिरणी आली, मग ती सरकारची झाली. गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. कम्युनिस्ट सरकार पडलं तशी गिरणी कुणीतरी विकत घेतली आणि यंत्रं भंगारात काढली.

"कुणी घेतली? नाव काय त्याचं? कुणी अडवलं कसं नाही?" मी तावातावानं विचारलं.

"चिमणी राहिली आहे ना," ती म्हणाली. "तिच्यावर करकोचे बसतात. ते त्याला नेता आले नाहीत."

तरुण माणसं ग्रीसला गेली, स्पेनला गेली, दोन हजार सातला देश युरोपियन युनियनमध्ये गेला तशी इकडेही आली. गावात उरली एक बेकरी, एक औषधांचं दुकान, दोन-दोन वर्ग एकत्र बसवलेली शाळा आणि म्हातारी माणसं. लेल्या त्या वाचनघराची सेक्रेटरी होती.

आणि तिचं आणखी एक काम होतं. त्यांच्याकडे माणूस गेला की कागद छापतात. काळी चौकट, फोटो, नाव, वय. तो घराच्या दारावर लावायचा, बेकरीजवळ, बसस्टॉपवर, खांबाखांबावर. चाळीसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, मग दर वर्षी. ज्यांची मुलं परदेशात, त्यांचे कागद लेल्याच टाईप करायची आणि बादलीत खळ घेऊन गावभर लावत फिरायची.

"आता खांबावर जास्त माणसं आहेत, रस्त्यावर कमी," असं म्हणून ती हसायची. मला हसू यायचं नाही.

पत्रकं चिकटवायला मी पुण्यात कॉलेजात शिकले, पण चिकटवणं म्हणजे काय ते लेल्यानं शिकवलं. माझ्या हातात सेलोटेप बघून ती म्हणाली, "ही लावलीस तर तुझा कागद तुझ्याआधी घरी पोचेल." ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तिनं मैद्याची खळ शिजवली. मायक्रोवेव्ह मग तिलाच पुसावा लागला.

पत्रकं सफाई कामगारांसाठीच होती; त्यांच्या हक्कांसाठी मी ती लावत फिरायचे. लेल्यासारख्यांना तेव्हा इथे सरळ नोकरी करायची परवानगी सहज मिळत नसे. म्हणून सफाईच्या कंपनीनं तिला कागदोपत्री 'स्वतःचा व्यवसाय करणारी' दाखवलं होतं. मॉप कंपनीचा, एप्रन कंपनीचा, वेळ कंपनीची. व्यवसाय मात्र लेल्याचा! म्हणजे रजा नाही, आजारपण नाही. याला लबाडी म्हणतात. दुसरा शब्द मला माहीत नाही.

लेल्याला मात्र काळजी एकच होती. तिची म्हातारी आई गावात एकटी होती. रविवारी फोनवर आई एकच प्रश्न विचारायची, "सगळ्यांचे कागद तू लावलेस. आता माझा कोण लावणार?"

"मीच लावणार, आई," लेल्या सांगायची. दर रविवारी.

फेब्रुवारीत आई गेली. लेल्यानं सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "जा की. अडवलंय कुणी? फक्त तुझे मजले दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील." लेल्या गेली नाही. तिकडे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी आईला पुरलं.

त्या आठवड्यात तिनं माझ्या हातात एक फोटो ठेवला. डोक्याला रुमाल बांधलेली, कॅमेऱ्यावर जराशी चिडलेली बाई.

"चाळीसाव्याचा कागद छापून दे. जाता आलं नाही तर पोस्टानं पाठवीन."

आणि मी काय केलं? मी पत्रक छापलं. फोटोच्या वर ठळक अक्षरांत: 'या बाईच्या मुलीला अंत्यविधीला जाऊ दिलं नाही!' खाली आमच्या मागण्या. सकाळी बिझनेस पार्कबाहेर सहा ठिकाणी लावलं. खळीनं. विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही, इतकी माझी बाजू बरोबर होती.

संध्याकाळी लेल्या बसमधून उतरली आणि समोरच्या खांबावर आई. मी धावत गेले. तिनं पूर्ण वाचलं, मागण्यांसकट.

"आईचं नाव कुठे आहे?"

मी बघितलं. कंपनीचं नाव तीनदा होतं. आईचं एकदाही नव्हतं.

"काढते मी. आत्ता काढते, लेल्या."

तिनं माझा हात धरला. "लावलेला कागद फाडत नाहीत. वारा-पाऊस बघून घेतो." मग पर्समधून बॉलपेन काढून फोटोखाली आपल्या लिपीत नाव लिहिलं. जन्माचं साल, मृत्यूचं साल, आणि एक शब्द. "विणकर," तिनं मला सांगितलं. सहाही ठिकाणी ती चालत गेली. मी मागे मागे. त्या दिवशी तिला कामावर पोचायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी तिचे मजले गेले, म्हणजे कामच गेलं. अशा बाबतीत कंपनी फार तत्पर असते. मी रडत तिच्या खोलीवर गेले, तर बाई बॅग भरत होती.

"रडतेस काय? इतके दिवस मला रजा मिळत नव्हती. तुझ्या कागदानं मिळवून दिली."

"लेल्या, चेष्टा नको ना करूस."

"बरं, नाही करत. पण आता मी मागितलेला कागद छाप."

ती शेजारी बसून सांगत गेली, मी लॅपटॉपवर लावत गेले. चौकट, फोटो, नाव, वय, विणकर. तिच्या लिपीतलं एकेक अक्षर शोधून घालायला मला अख्खी दुपार लागली. शेवटी तिनं चष्मा लावून तपासलं.

"आणि खाली मागणी काही लिहिली नाहीस?" तिनं विचारलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाजूच्या खोलीतल्या माणसानं भिंत ठोकली.

एअरपोर्टच्या कोचमध्ये चढताना कागदांची गुंडाळी तिनं कोटाच्या आत धरली होती. बॅग खाली डिकीत दिली, गुंडाळी दिली नाही.

चाळीसाव्या दिवशी तिचा फोन आला. सगळे कागद लावून झाले होते. रिवाजाप्रमाणे शिजवलेले गहू वाटले होते.

"लोकांनी वाचलं का?" मी विचारलं.

"बेकरीवाल्यानं बायकोला मोठ्यांदा वाचून दाखवलं. तिला दिसत नाही ना. मग माझ्यावरच चिडला. म्हणाला, नुसतं विणकर काय लिहिलंस? गायचीसुद्धा की ती!"

"मग?"

"मग काय, पेन घेऊन पुन्हा सगळं गाव फिरले."

लेल्या परत आली नाही. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. तिच्या गावात नाव छापून आलं म्हणजे काय, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. त्या फोनवर बोलता बोलता मागून एका बाईनं तिला हाक मारली, खणखणीत, त्या नावानं. आमच्या ऑफिसात ते नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. मीही नाही.

"ठेवते गं," लेल्या घाईनं म्हणाली. "बोलावतायत मला."