युसूफभाईंच्या घराचं सिमेंट

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. लातूरच्या आमच्या छोट्या आर्किटेक्ट ऑफिसातून कुणीही साइटवर गेलं, की बुटाच्या चिखलाबरोबर एखादा येतोच. औशाच्या युसूफभाई टेलरांच्या एका घरानं तर आम्हाला वर्षभर पुरतील एवढे दिले.

आमच्या वैशाली मॅडम त्यांना पहिल्या दिवशी समजावत होत्या, की सिमेंट बनवताना भट्टीतून फार कार्बन निघतो. सिमेंट कमी लागलं, तर हवाही वाचते आणि खर्चही.

"हवेचं ऱ्हाऊ द्या," युसूफभाई म्हणाले. "वाचलेल्यात वरची खोली होईल का? माझ्या डॉक्टर पोरीचा, सलमाचा, दवाखाना तिथंच काढायचा हाय. खोली न्हाई झाली, तर ती चालली पुण्याला."

मॅडमनी होईल म्हणून सांगितलं, आणि सगळं ऑफिस त्या खोलीच्या मागे लागलं.

*

औसा भूकंप पाहिलेलं गाव. त्यामुळं युसूफभाईंचं एकच, "लोखंड दाबून टाका."

"डिझाइन भूकंपाचंच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तरी मापापेक्षा जास्त कापड घेता का?"

"घेतो की. हरेक गिऱ्हाइकाला सांगतो, थोडं जास्तच आणा."

*

मग आल्या राखेच्या, न भाजलेल्या विटा; भट्टी लागत नाही म्हणून मॅडमनी मुद्दाम निवडलेल्या. मुदखेडहून आलेल्या युसूफभाईंच्या मेहुण्यांनी एक उचलून पाहिली. "फसवलं तुम्हाला. ह्या भाजल्याच न्हाईत."

हे बरोबर ओळखलं म्हणून मॅडमना इतका आनंद झाला, की "नाहीतच भाजलेल्या!" म्हणत त्यांनी मेहुण्यांना चहा पाजला. मेहुणे अजून म्हणतात, बाई चूक कबूल करते, मनाची मोठी आहे.

*

बाबू मिस्त्री युसूफभाईंचा लहानपणचा दोस्त. दोस्ताच्या घराला मोजून सिमेंट-वाळूचा माल घालणं त्याला अपमानासारखं वाटे. हा जास्तीचं सिमेंट ओततो, म्हणून मॅडमनी मला पोत्यांवर पहाऱ्याला बसवलं. तरीही मालात सिमेंट जास्तच!

"तुमच्या पोत्याला हात लावला न्हाई," बाबू म्हणाला. "हे माझ्या घरून आणलंय."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

*

वरच्या स्लॅबच्या खालच्या थरात, जिथं काँक्रीटला फारसं काम नसतं, तिथं आम्ही युसूफभाईंच्या जुन्या घराची कवेलं, म्हणजे मातीची कौलं, बसवली आणि वरून काँक्रीट ओतलं. खालून ती दिसत राहतात. काँक्रीट वाचलं, खोली झाली, दवाखाना सुरू झाला. सलमा औशातच राहिली, याचा आम्हाला फार आनंद झाला.

मोठा पाऊस झाल्यावर मॅडम आणि मी स्लॅब बघायला गेलो. छत कोरडं ठणठणीत. पण पेशंट भिंतीला चिकटून बसलेले, आणि खोलीच्या मधोमध बादली. तीही कोरडी.

"भाभी, गळतंय का?" मी युसूफभाईंच्या बायकोला विचारलं.

"न्हाई."

"मग बादली?"

भाभींनी छतातल्या पिवळा ठिपका दिलेल्या कवेलूकडं बोट केलं. "ठिपका मीच दिलेला. त्ये जुन्या घरात माझ्या लग्नापासून गळत आलंय. त्याचा काय भरवसा?"

मॅडमनी वर पाहिलं. मग आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली.