आप्पांची पाण्याची बाटली

आधीच माफी मागून ठेवतो. ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूस आपल्याला कळलेला असावा लागतो, आणि मला आप्पा अजून कळलेले नाहीत. शिवाय ते माझे वडील आहेत, धडधाकट आहेत, आणि मी हे लिहितोय त्या वेळी वडगावात माग चालवत असतील. हयात बापावर पोरानं लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळं असं लिहितात की नाही, हे विचारायलाही घरात कुणी नाही.

आप्पांना हळू बोलता येत नाही. आमच्या घराच्या पुढच्या अर्ध्या भागात साड्या विणायचा मोटरवरचा माग आणि मागच्या अर्ध्यात आम्ही. त्या खडखडाटात त्यांचं आयुष्य गेलं. ‘जेवलास का?’ असं त्यांनी विचारलं तरी आपण काहीतरी चोरून खाल्लं असावं असं वाटायचं. मागाजवळ तर बोलणंच नव्हतं, सगळं खुणांनी. मूठ तोंडाकडं नेली की चहा. टाळी वाजली की माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, किंवा मी, जे जवळ असेल त्यानं जायचं. नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. ते आमच्यावर हात उगारायचे नाहीत, शिव्याही द्यायचे नाहीत. आमच्याकडं त्यांची पाठ असायची, एवढंच. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांच्या बापांची पाठच दिसायची.

मग आक्काचं लग्न झालं. निपाणीजवळच्या बोरगावात दिलं तिला. दाजींचं तिथं शिलाईचं दुकान आहे. लग्नाच्या पंगतीत आक्काच्या सासूबाईंनी सहज गमतीनं विचारलं, “व्हय पाव्हणं, पोरीला खायाला काय आवडतंय? आत्ताच सांगून ठेवा, न्हायतर म्हणशीला उपाशी ठेवली.”

आप्पांनी आईकडं बघितलं. आई दुसऱ्याच पाहुण्यांशी बोलत होती. तेवढ्यात हिरवा चुडा भरलेली आक्का हसत म्हणाली, “त्यांस्नी काय इचारतासा? माझं नाव सांगितलं तरी लई झालं.”

पंगत हसली. आप्पाही हसले. पण नंतर पानावर आलेली जिलेबी त्यांनी खाल्ली नाही, आणि ती त्यांना फार आवडते.

त्यानंतर आप्पा बदलायला लागले, आणि आमची पंचाईत झाली. संध्याकाळी माग थांबला की ते माझ्यासमोर येऊन बसायचे आणि त्याच मोठ्या आवाजात विचारायचे, “काय झालं आज?” मी उभा राहून उत्तर द्यायचो. “काय न्हाय.” “काय न्हाय कसं? दिवसभर गेलतास न्हवं?” एकदा ते कॉलेजच्या फाटकाशी डबा घेऊन उभे होते. डबा मी विसरलो नव्हतो. तो माझ्या पिशवीतच होता. दोन डबे घेऊन मी वर्गात गेलो, आणि मित्रांनी विचारलं, “का रं, घरात भांडण झालंय व्हय?” माझ्या डोक्यावरून हात फिरवायलाही त्यांनी सुरुवात केली, पण तो हात टपली मारल्यासारखाच पडायचा. आई म्हणायची, “अवो, पोरगं भ्यालंय. जावा तिकडं मागाकडं.”

खरा घोटाळा बोरगावात झाला. मागाला सुट्टी असली की आप्पा सकाळच्या बसनं निपाणीला आणि तिथून बोरगावला जायला लागले. आता आमच्याकडं एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आमच्या आजोबांनी आत्याकडं ती पाळली, त्यांच्या वडिलांनीही पाळली असणार. आता बरेच जण सोडून देतात. पण आप्पांना ती मोडवेना, आणि लेकीकडं गेल्याशिवाय राहवेना. मग त्यांनी यावर उपाय काढला. ते घरून पाण्याची बाटली भरून न्यायला लागले.

आक्का मला फोनवर सांगायची, “आले की बाटली मांडीवर घेऊन बसत्यात. बोलत न्हाईत, चहा घेत न्हाईत. का आलासा म्हटलं की म्हणत्यात, ‘आलतो असंच.’ मग बाटलीतलं गरम पाणी पित्यात आणि जात्यात. सासूबाई परवा तोंडावर म्हणाल्या, ‘पाव्हणं, आमच्या हिरीत काय ईख हाय व्हय?’ तरी हसले नुसते. मला मान वर करता येईना रं. इतकी वर्सं जवळ बसले न्हाईत, आन आता हितं येऊन बसायलेत. तू सांग त्यांस्नी, येऊ नका म्हणावं.”

हा निरोप बापाला कसा सांगायचा? मी दोन-चार दिवस तसेच काढले. शेवटी माग चालू असताना त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिथं आपलं बोलणं ऐकू जात नाही, याचाच मला धीर वाटला असावा. मी म्हणालो, “आक्का म्हणते, बोरगावला येऊ नका.” पण खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाला ऐकू यावं लागत नाही, तो ओठ वाचतो. आप्पांनी मोटर बंद केली. साडी अर्ध्यावर असताना त्यांनी माग थांबवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

अचानक इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला. आप्पा म्हणाले, “मग काय करू?”

मला वाटलं ते रागानं म्हणतायत. पण ते खरंच विचारत होते.

“तू शिकतुयास. तू सांग. कसं करायचं असतंय हे?”

मला काही येत नव्हतं. कुठल्याही वर्गात हे शिकवलेलं नव्हतं, आणि घरात तर नाहीच नाही. पाणी प्या तिथलं, असं सांगावं वाटलं, पण आजोबांची रीत मोडायला सांगणारा मी कोण? मी म्हणालो, “तिलाच काहीतरी विचारा.”

“काय इचारू?”

ते माझ्याकडं बघत राहिले, मी सुतात अडकून थांबलेल्या मागाच्या धोट्याकडं. मग त्यांनी पुन्हा मोटर चालू केली.

पुढं मी शिकायला धारवाडला आलो. निघताना आप्पा स्टँडवर आले होते. बस हलल्यावर त्यांनी खिडकीतून आपली ती बाटली माझ्या हातात दिली आणि काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्यांच्यासारखे ओठ मला वाचता येत नाहीत. काय म्हणालात, हे मी फोनवर अजून विचारलेलं नाही. विचारावं की नाही, ते कळत नाही.

मी बोरगावचं विचारलं की आई म्हणायची, “गेलते, आले.” आक्का तर तो विषयच काढायची नाही. म्हणून मी समजलो, काही बदललेलं नाही, आप्पांनी दुसरी बाटली घेतली असेल.

काल आक्काचा फोन आला.

“आप्पा आलते,” ती म्हणाली. “हात हालवत. बाटली न्हवती.”

“मग?”

“सरळ चुलीपाशी येऊन बसले की. आन केवढ्यानं म्हणाले, सासूबाई भाईर दचकल्या. म्हणाले, ‘तुला खायाला काय आवडतंय? ते कर. मी बी तेच खातो.’”

आक्काला अजून मूल नाही.

“मग काय केलंस?”

“आठवंचना रं. उभीच ऱ्हायले. मला काय आवडतंय ते मलाच आठवंना.” ती हसत होती की काय, फोनवर नीट कळलं नाही. “शेवटी झुणका केला. जेवले. आन झुणका तिखट झालता, म्हणून पाणी मागितलं.”