पुरे नऊ वार

‘आपण विणाचं गा, नेसणारी नेसते,’ असं देवाजी गजभिये म्हणायचा. कोणी त्याच्या लुगड्याची तारीफ केली तरी हेच, कोणी नावं ठेवली तरी हेच. कामठीच्या विणकरांच्या मोहल्ल्यात हे बोलणं इतक्यांच्या कानावरून गेलं होतं, की देवाजीनं तोंड उघडायच्या आधी समोरचाच ते पुरं करून टाकायचा. देवाजीला त्याचा राग येत नसे. त्याला कशाचाच फारसा राग येत नसे.

एकतीस वर्षं तो खड्डामागावर बसत आला होता. पाय खड्ड्यात, हात आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर, नजर समोरच्या वीतभर कापडावर. सूत विणकरांच्या संस्थेतून यायचं आणि लुगडी संस्थेतच जायची. कन्हान नदीचं पाणी कामठीवरून पुढे गेलं की कोणाच्या घागरीत पडतं, हे कामठीचा माणूस विचारत नाही. देवाजीनंही आपल्या लुगड्यांबद्दल ते कधी विचारलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साल लागलं तेव्हा त्याचा मुलगा केशव दुसऱ्याच्या पावरलूमवर कामाला होता. घरच्या समोरच्या खोलीत दोन पावरलूम बसतील, फक्त मागाचा खड्डा बुजवावा लागेल, असं त्यानं बापाला भीत भीत सांगितलं. देवाजीनं मान वर केली नाही. भीमजयंती झाली की बुजव, म्हणाला. उघडी खिडकी लावून घे म्हणावं, तसं म्हणाला.

त्याच महिन्यात एका सरकारी योजनेतून विणकरांना दुसऱ्या मुलखातलं विणकाम दाखवायला न्यायचं ठरलं. कामठीतून दोघांची नावं लागली. एक संस्थेचा चिटणीस विश्वनाथ आणि दुसरा देवाजी. तीन गाड्या बदलून दोघं कच्छात पोचले.

देवाजीनं एवढी रिकामी जमीन कधी पाहिली नव्हती. त्याच्या मुलखात नजर पळसावर अडते, धानाच्या बांधावर अडते, नाहीतर कोणाच्या तरी कौलांवर. इथे ती निघाली की निघालीच. करड्या मातीवर खुरटी बाभूळ, तिच्यापलीकडे मिठाचा पांढरा पट्टा, आणि त्या बेरंगातून एखादी बाई चालत आली की तिच्या चोळीवरचं लाल-पिवळं भरतकाम फार लांबून दिसायचं. घरं मातीची आणि गोल होती. आत भिंतींवर मातीच्याच नक्षीत आरशांचे तुकडे बसवलेले होते. विश्वनाथ सगळं वहीत लिहून घेत होता. देवाजी हात लावून पाहत होता.

मालशीभाई नावाच्या विणकराच्या अंगणात त्यांचा दोन दिवस मुक्काम होता. त्याचा माग पाहून देवाजीला बरं वाटलं. तोच खड्डा, तसाच धोटा, फक्त सुताच्या जागी काळी लोकर. मालशीभाईच्या हिंदीत गुजराती मिसळलेली, देवाजीच्या हिंदीत नागपूर. पण विणकराला विणकराशी बोलायला शब्द थोडे पुरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी आली. रबारी होती, म्हणजे तिथल्या मेंढपाळांपैकी. अंगावर सगळं काळं, हातात हस्तिदंती रंगाच्या जाड बांगड्या. आल्या आल्या तिनं लोकरीचं एक नवं ओढणं मागावर टाकलं आणि बोलायला लागली, ती थांबेचना. मालशीभाईनं मधूनमधून हिंदीत सांगितलं त्यावरून भांडण देवाजीला कळलं ते असं. लोकर तिच्या मेंढ्यांची, कातली तिनंच. मालशीभाईच्या बापानं तिच्या सासूसाठी विणलं होतं, आता मालशीभाई तिच्यासाठी विणतो. पण या ओढण्यात मध्येच हातभर लोकर तिची नव्हती. तिनं नुसता अंगठा फिरवून ती जागा दाखवली. मालशीभाई आधी नाही म्हणाला, मग हसला आणि कबूल झाला. धागा कमी पडला म्हणून त्यानं शेजाऱ्याच्या लोकरीचा घातला होता.

मालशीभाईच्या बायकोनं पाणी आणलं. म्हातारीनं ते घेतलं नाही. हे देवाजीच्या नजरेतून सुटलं नाही. छप्पन्न सालात बौद्ध धर्माची दीक्षा घेईपर्यंत त्यानंही असला विटाळ जवळून पाहिला होता, म्हणून ते त्याला लगेच कळलं. जे कळलं नाही ते वेगळंच होतं. या घरचं पाणी न पिणारी बाई या घरच्या कापडातला कोणता धागा परका आहे ते जाणत होती, आणि तो उसवून होईपर्यंत ओट्यावरून हलली नव्हती.

ती गेल्यावर देवाजीनं विचारलं, “बुरा नहीं लगा तुमको?”

“बुरा काहे का?” मालशीभाई म्हणाला. “ओढना तो उसको है.” मग सुटलेला धागा गुंडाळता गुंडाळता त्यानं सहज विचारलं, “तुम्हारा कपड़ा कौन पहनता है?”

देवाजीच्या तोंडाशी नेहमीचं उत्तर आलं, पण बाहेर पडलं नाही.

घरी आल्यावर पंधरवड्यानं त्यानं संस्थेतून आपल्याच हातची चार लुगडी मागून घेतली आणि मौद्याच्या बाजारात बसायचं ठरवलं. याले तिकडचं वारं लागलं, असं विश्वनाथ चारचौघांत बोलला. बापानं जन्मात कधी दुकान मांडलं नव्हतं, म्हणून केशव सोबत गेला.

बाजारात बायका येत, पदर बोटांत धरत आणि शेजारच्या नायलॉनच्या पातळांकडे सरकत. उन्हं चढल्यावर प्रयागबाई आली. धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, मजुरीनं जाणारी, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई. तिनं एक लुगडं उलगडलं, हातानं मापलं आणि परत टाकून दिलं.

“तूच विणतं काय गा हे?”

“मीच.”

“मंग तूच पाह्यजे होता मले. दहा वर्सं झाली, लुगडं आखूड येऊन राह्यलं. रोवण्यात वाकलं का मांगून पिंढऱ्या उघड्या. बांधावर मानसं बसून राह्यते. तुह्या घरची बाई वाकत नाही काय कधी?”

आजूबाजूच्या बायका हसल्या. देवाजी गोंधळला. मग त्याला आठवलं, की सुताची टंचाई आली त्या वर्षी संस्थेनं लुगड्याचं माप अर्धा वार कमी केलं होतं. पुढे सूत आलं, माप तसंच राहिलं. त्याच्या लेखी ताण्यावरची, म्हणजे उभ्या सुतावरची, एक खूण अलीकडे सरकली होती, एवढंच. ती खूण कोणाच्या पिंढऱ्यांपर्यंत गेली असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

घरी त्याची बायको पार्वतीबाई चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. देवाजी तिच्यासमोर उकिडवा बसला.

“तुले बी लुगडं आखूड होते काय वं?”

“मी आतून चिंधी जोडली हाये. कवाचीच.”

“सांगतलं काहून नाही?”

“तुमी इचारलं कधी?” पार्वतीबाईनं चरखा थांबवला नाही. “आन् सांगून काय? तुमचं ते एकच उत्तर तयार.”

देवाजीनं पदरचं सूत आणलं आणि पुरे नऊ वार ताणा लावला. विश्वनाथ येऊन बजावून गेला, की हे माप संस्था घेणार नाही, आणि मापाबाहेर विणलं तर सुताचं कार्ड बंद होईल. देवाजी होऊ दे म्हणाला आणि धोटा फेकत राहिला. तो कधी नव्हे ते हळू विणत होता. दर हातभर कापडावर अंगठा फिरवत होता.

केशवनं एवढंच म्हटलं, की जयंती तोंडावर आली, पावरलूमवाल्याला सांगायचं आहे.

“हे एक कोनाच्या अंगावर पाहू दे,” देवाजी म्हणाला. “पुरलं नाही, तं खड्डा बुजव. माती मीच आणून देतो.”

केशव बापाकडे पाहत राहिला. खड्डा बुजव म्हणताना बापाचा आवाज आधी कधी असा हलला नव्हता.

चैत्र अर्धा होता होता दोघं पुन्हा मौद्याला गेले. प्रयागबाई मिरच्यांच्या ढिगापाशी सापडली. देवाजीनं लुगडं पुढे केलं. तिनं ते मापलं नाही. जवळच्या चहावाल्याच्या घरात गेली आणि नेसूनच बाहेर आली. मग भर बाजाराच्या रस्त्यात कमरेत वाकली आणि चिखलात रोपं लावावीत तशी हात हलवत पाच-सात पावलं मागे चालली. तिची जाऊ गोपिका मागून निरखत होती. माणसं वाट सोडून उभी राहिली. देवाजी उन्हात तसाच उभा होता.

“झाकलं वं माय समदं,” गोपिका म्हणाली.

प्रयागबाई सरळ झाली. काठ चिमटीत धरून तिनं चुरून पाहिला.

“पुरलं. पन काठ रुंद केला तू. चिखलात भिजला का वजन होते. दोन बोटं कमी कर.”

“कवापावतर पाह्यजे?”

“रोवण्याच्या आंदी. दोन आन. एक या गोपिकेले.”

रोवणा आषाढात. जयंती पुढच्याच आठवड्यात होती. केशवनं मनात हिशेब केला, जयंतीला खड्डा काही बुजत नव्हता, आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बाप काही समजावून सांगेल, निदान विचारेल, असं त्याला वाटलं.

“आणतो,” देवाजी प्रयागबाईला म्हणाला.

लुगडं बांधून आणलेलं फडकं त्यानं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला. खड्ड्यात बसून बसून त्याचे गुडघे आखडले होते, त्यामुळे तो थोडा डावीकडे कलून चालायचा. आजही तसाच चालत होता. घाई नव्हती, मागे वळून पाहणंही नव्हतं.

प्रयागबाई थोडा वेळ पाहत उभी राहिली, मग मिरच्या घ्यायला वळली. केशव मात्र बाजाराच्या मधोमध उभा राहून पाहत होता. गर्दीत बापाची टोपी दिसेनाशी झाली, तरी तो जागचा हलला नाही.