विमा एजंटचं कॅलेंडर

मुलांनो, आज विश्रामबागेतल्या घरी विमा एजंट नवं कॅलेंडर देऊन गेला. त्या शाईच्या वासानेच हे लिहायला बसवलं.

स्वातंत्र्याच्या आधी कोरेगावात असाच एक एजंट रोज आमच्याकडे चहाला यायचा, माझ्या वडिलांना ‘दादा’ म्हणायचा. वडिलांनी विमा उतरवला, त्याने दिलेलं कॅलेंडर भिंतीवर खिळा ठोकून टांगलं, आणि त्याचं येणं थांबलं.

पुढे वडील तापाने अंथरुणावर होते. गल्लीत त्याच्या सायकलची घंटा वाजली, तसे ते उठून बसले, आईला म्हणाले, “आला बघ! चहा ठेव.”

आई दारात गेली. “आवं, तुमचे दादा लय आजारी हायती. बघून तरी जावा.”

“घाईत हाय, वैनी,” म्हणत तो शेजारी चहाला गेला.

आईने त्याचं कॅलेंडर ओढून चुलीत घातलं. शाईचा वास घरभर झाला.

“प्या,” ती वडिलांना चहा देत म्हणाली, “त्याच्याच कॅलेंडरावर केलाय.”

वडील बरे झाले. कोरेगावच्या भिंतीत तो खिळा अजून आहे, रिकामा.