तेराव्यापर्यंत युद्धबंदी

माझ्या बायकोच्या मामांइतका मुरलेला राष्ट्रप्रमुख आज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, हे मी पैजेवर सांगतो. एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं गाड्या सोडल्या आणि निवृत्त झाल्यावर लेकीने दिलेल्या टॅबवर एक देश स्थापन केला. इंटरनेटवर असा एक खेळ आहे. त्यात येईल त्याला एक कोरा देश मिळतो. त्याला नाव द्यायचं, झेंडा द्यायचा, कर बसवायचे, रस्ते बांधायचे, फौज उभी करायची. जगभरातली खरीखुरी माणसं हा उद्योग एकाच वेळी करत असतात, त्यामुळे शेजारी कधी अंगावर येईल याचा नेम नाही. म्हणून वीस-तीस देश मिळून संघ करतात, संघासंघांत तह होतात आणि तह झाले की ते मोडतातही. मामांच्या देशाचं नाव 'खाजण'. झेंड्यावर सुपारीचं झाड आणि शिट्टी. खाजण म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मामा लिहीत, 'भरतीला पाणी शिरतं आणि ओहोटीला आपसूक निघून जातं, ती जमीन.' परदेशी मंडळींना हे मोठं खोल परराष्ट्र धोरण वाटे, आणि त्यावरच निम्मे देश मामांच्या संघात आले असावेत असा माझा संशय आहे.

संघात एकूण एकतीस देश आणि प्रमुख मामा. त्यांचं इंग्रजी डेपोच्या परिपत्रकांवर पोसलेलं. युद्धाची घोषणासुद्धा ते आधी 'विषय', मग 'संदर्भ', आणि शेवटी 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' अशी करत. शत्रू ती दोनदा वाचायचा, तोवर आमची विमानं पोचलेली असायची. रजेचा अर्ज दिल्याशिवाय खेळात गैरहजर राहायची कुणाची टाप नव्हती. आमच्यातला एक ब्राझीलचा दंतवैद्य स्वतःच्या लग्नासाठी चार दिवस खेळणार नव्हता, तर मामांनी त्याच्याकडून अर्ज घेतला आणि सोबत लग्नपत्रिका जोडायला लावली. त्या भल्या माणसाने ती जोडली! एकदा आमच्यात एक हेर शिरल्याचं उघड झालं. त्याला ताबडतोब हाकला म्हणून सगळे ओरडत होते, पण मामा शांत. "हेर हाय तर हाय," ते मला म्हणाले, "हजेरी बघ त्याची. एक खाडा न्हाय. आपल्यातल्यांपेक्षा बरा." तो हेर पुढे वर्षभर राहिला, आणि मला वाटतं त्याला आमचा लळाही लागला होता.

या खेळात दिवस बदलतो तो अमेरिकेच्या मध्यरात्री. सगळे मोठे हल्ले त्या घटकेला होतात, आणि तिकडचे भलेभले सेनापती तेव्हा डोळे चोळत बसलेले असतात. आमच्या दिवेआगरात त्या वेळी सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. मामांची आंघोळ, पूजा आणि वाडीत शिंपणं उरकलेलं. पडवीत बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खात खात ते महायुद्धं लढत, आणि अशा ताज्यातवान्या माणसापुढे कुणाचा टिकाव लागणार? मामी मात्र या साम्राज्यावर कायम खार खाऊन. "ह्यांच्या देशात चोवीस तास वीज," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "आन् आमचा पंप चार दिस बंद हाय."

मी या भानगडीत पडलो ते वादळानंतर. आमच्या वाडीतल्या सगळ्या सुपाऱ्या एका दुपारी आडव्या झाल्या. पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांचे पत्रे उडून कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. सुपारीचं रोप लावलं तरी हाताशी पीक यायला सहा-सात वर्षं जातात. एवढा काळ काय करायचं, हे न कळून मी पायरीवर नुसता बसून असायचो. बायको जेवायला हाक मारायची तेव्हा उठायचो आणि जेवून पुन्हा तिथेच. एक दिवस मामा आले. धीर देणं वगैरे त्यांना जमत नाही. शेजारी बसले, माझ्या मोबाईलवर तो खेळ उतरवला आणि म्हणाले, "झाडं लागाया सहा वर्सं हायत, जावईबापू. तवर राज्य करा." त्यांची स्वतःची वाडी माझ्यापेक्षा जास्त पडली होती, हे माझ्या डोक्यात शिरायला कित्येक दिवस गेले.

तर मी राज्य करू लागलो. रोज सकाळी उठायला एक कारण झालं. पहिल्या महिन्यात एक बंदर, मग एक विद्यापीठ, मग लोहमार्ग. हसू नका, त्या दोन वर्षांत माझ्या आयुष्यात वाढणारी अशी ती एकच गोष्ट होती. घरात मी पुन्हा बोलू लागलो, रोपं आणायला श्रीवर्धनला जाऊन आलो. मामांनी मला संघाचा उपप्रमुख केलं, तेव्हा मी बायकोला लाडू करायला सांगितले आणि तिनेही न हसता केले.

आणि मग ते युद्ध आलं. समोरच्या संघाचा प्रमुख कुठल्याशा बर्फाच्या देशातला तरुण होता, हुशार आणि खुनशी. महिनाभर लढून आम्ही त्याला पार टेकीला आणला होता. अजून पाच दिवस, की खेळ खलास. अशात त्याने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की माझे वडील वारले, मी काही दिवस इथे नसेन. मामांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. हात धुतले. आणि परिपत्रक काढलं: विषय, तेराव्यापर्यंत युद्धबंदी.

हे त्यांनी खेळासाठी नवीन काढलं नव्हतं. शेजारच्या वाडीवाल्याशी त्यांचा दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्यावरून एकोणीस वर्षं वाद आहे. त्या शेजाऱ्याची आई गेली तेव्हा मामा पहिले तिरडी बांधायला गेले, तेरा दिवस गडग्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि चौदाव्या दिवशी सकाळी बरोबर पूर्वीच्या शिवीपासून भांडण पुढे चालू केलं. आमच्याकडे असंच असतं. पण हे परदेशी मंडळींना कोण समजावणार? संघात आगडोंब उसळला. ही चाल आहे, तो वेळ काढतोय, असं तीस देश तीस प्रकारे सांगत होते. मीही पडवीत जाऊन तेच सांगितलं.

"बाप गेला म्हनतोय तो," मामा म्हणाले. "त्याच्या दारात आता भांडान न्हाय न्यायचं."

"मामा, त्याचं दार कुठे आहे हे तरी ठाऊक आहे का आपल्याला?"

"दार आसंलच की कुठंतरी."

तेराव्या दिवशी साडेदहाला त्या पोराचा संघ आमच्यावर तुटून पडला. तेरा दिवसांत त्यांनी नवी फौज उभारली होती आणि आमचे दोन जुने मित्रसंघही फोडले होते. त्या घटकेला मामा काय करत होते? 'आपल्या तीर्थरूपांचं कार्य यथासांग पार पडलं असेलच' असं पत्र त्याच पोराला लिहीत होते. चार दिवसांत माझी बंदरं गेली, विद्यापीठ गेलं, लोहमार्ग गेला, आणि शेवटी तो देशच गेला. मी मोबाईल उलटा ठेवून पुन्हा पायरीवर येऊन बसलो. मग मामांना प्रमुखपदावरून काढायचं मतदान झालं. मामांच्या बाजूने चार मतं पडली. माझं मत त्या चारांत नव्हतं.

आठ दिवस मी त्यांच्याकडे गेलो नाही. नवव्या दिवशी भांडायलाच गेलो. मामा पडवीत होते, खाजण गेल्यावर टॅबवर एक नवा कोरा देश उघडून पहिला रस्ता बांधत. मी उभ्या उभ्या सगळं बोलून घेतलं. दोन वर्षांत उभं केलेलं तुमच्यामुळे मातीत गेलं, म्हणालो. माझ्याकडे दुसरं होतं तरी काय, म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, "आणि मामा, तो खोटं बोलला असला तर?"

"तर बरंच की," मामा म्हणाले. "मंग त्याचा बाप जिता हाय."

मी खाली बसलो. मामींनी न विचारता माझ्यापुढेही भाकरी ठेवली. मी विरुद्ध मत दिलं होतं, हे मामांना ठाऊक होतं. त्यावर एक अक्षर ते तेव्हा बोलले नाहीत आणि नंतरही कधी बोलले नाहीत. वादळानंतर मला ज्याने पायरीवरून उठवलं, त्याच माणसाच्या शेजारी बसून मी दुसऱ्यांदा एक कोरा देश घेतला. माझ्यावर अनेकांचे उपकार आहेत, पण हे मला फेडावेसेही वाटत नाहीत, असेच अंगावर असू द्यावेत असं वाटतं.

युद्ध जिंकल्यावर तो बर्फाच्या देशातला पोरगा खेळातून नाहीसा झाला. मामांच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नाही, त्यामुळे खरं काय ते कुणालाच कळलं नाही. हल्ली मामांचे डोळे अधू झालेत, तहनामे मी वाचून दाखवतो. वाचता वाचता मध्येच ते हात वर करून मला थांबवतात आणि विचारतात, "त्या पोराचा बाप बरा आसंल ना हो?"

"बरा असेल मामा," मी म्हणतो. म्हणजे त्याने आम्हाला साफ फसवलं असावं, अशी मी मनापासून प्रार्थना करत असतो.