यादीतून गेलेलं कासव

लोक गावाला जाताना आपली कुत्री, ससे, पोपट जिथे सोडून जातात, अशा एका पाळणाघरात आमची धाकटी काम करते. नोकरी कच्ची. पक्की करायची की नाही, ते मालकीणबाई शनिवारी ठरवणार होत्या.

तिथल्या प्राण्यांच्या खाण्याची लिस्ट तिने संगणकावर 'आर' नावाच्या भाषेत केली. मला म्हणाली, "आई, लिस्ट म्हणजे तुझी पर्स. किल्ली, गोळ्या, आत आणखी एक छोटी पर्स, काहीही मावतं. फक्त प्रत्येक कप्प्याला नाव ठेवायचं."

"माझ्या पर्सला नावं ठेवू नकोस," मी म्हटलं.

कुत्र्याच्या कप्प्यात भात, पोपटाच्या कप्प्यात मिरची. कासव मात्र थंडीचं झोपलेलं, खात काहीच नव्हतं. म्हणून तिने त्याच्या कप्प्यात NULL, म्हणजे 'काही नाही', घातलं. ही भाषा अशी विक्षिप्त, की कप्प्यात 'काही नाही' घाला, ती कप्पाच फाडून टाकते. कासव यादीतून गेलं आणि लेकीला पत्ताच नाही.

सफाईच्या मावशींनी यादी पाहिली, कासव घरी गेलं असं धरलं आणि त्याचं गवताचं खोकं सशाला दिलं.

शनिवारी कासवाचे मालक, एक निवृत्त हेडमास्तर, दारात हजर. मालकीणबाईंनी यादी चाळली. "कासव नाही आमच्याकडे."

"मग मी काय इथे टोपी ठेवून गेलो होतो?"

लेक एकेक खोकं तपासू लागली. तेवढ्यात खोक्यातला ससा पाय न हलवता पुढे सरकू लागला. अंगावर बसलेल्या सशाच्या उबेने गवताखाली झोपलेल्या कासवाला उन्हाळा लागल्यासारखं वाटलं असावं.

मास्तर कासव घेऊन गेले. लेक म्हणाली, "चूक माझी आहे, बाई. रिकामा कप्पा ठेवायचा तर NULL आधी छोट्या लिस्टमध्ये गुंडाळून द्यावं लागतं." तिने तसं करून दाखवलं. कासव यादीत परत आलं.

"नोकरी पक्की," मालकीणबाई म्हणाल्या. "पण रोज संध्याकाळी यादी घेऊन एकेका प्राण्याला स्वतः भेटायचं."

"पोपट शिव्या देतो, बाई."

"ऐकून घ्यायच्या."

आता ती रोज नवीन शिव्या शिकून येते आणि जेवताना धाकट्या काकांवर वापरून बघते. पक्की नोकरी आहे, म्हणून मीही गप्प बसते.