रीडरला न सापडलेलं खोकं
नव्या पुठ्ठ्याचा वास आला की अंबडचं औषधांचं गोदाम आठवतं. मोजणीत, खोक्यांवरचे रेडिओ टॅग लांबून वाचणाऱ्या माझ्या हातातल्या रीडरला एका खोक्याचा टॅग सापडला नाही, तेव्हा साहेबांनी खोकी रचणाऱ्या सुरगाण्याच्या हमालावर चोरीचा आळ घेतला. "एकदा हातानं शोधा ना, ताई," तो मला म्हणाला. "मशीन चुकत नाही," मी म्हणाले. त्याला त्याच दुपारी काढलं. दोन दिवसांनी खोकं त्यानं रचलेल्या लोखंडी रॅकमध्येच मागे सापडलं. पत्र्यावर आपटून परतणाऱ्या रेडिओलहरी नेमक्या त्या जागी एकमेकींना पुसून टाकत होत्या. खोकं वीतभर सरकवताच रीडर वाजला. साहेब म्हणाले, "होतं असं." मी हमालाला फोन लावला, तो बंद होता. मग मी जेवायला गेले. आता नव्या मुलींना रीडर शिकवताना हे सांगायचं ठरवते, आणि बॅटरी कशी बदलायची तेवढंच सांगते.